हव्वेचा दोष आणि एक नवा अर्थ

ज्ञानवृक्षाचें फळ हव्वेनें आधीं खाल्लें व मग पतीस दिलें, या उत्पत्तीच्या पुस्तकांतील कथेनें स्त्रीजातीची केवढी हानि झाली हें सांगणें कठीण आहे. तीमथ्याच्या पहिल्या पत्रांत तर, स्त्रीनें शिकवूं नये व पुरुषावर अधिकार चालवूं नये, या नियमास हिचाच आधार घेतला आहे. बहाई धर्म स्त्रीपुरुषांची समता हें ईश्वरी तत्त्व मानतो. आणि पूर्वीचे धर्मग्रंथही ईश्वरीच मानतो. मग या कथेचें त्यानें करावें काय?

उत्तर अब्दुल-बहा (१८४४–१९२१) यांनीं दिलें. तुर्कांच्या बंदिवासांत अक्का येथें असतां, १९०४ ते १९०६ या काळांत, लॉरा क्लिफर्ड बार्नी या अमेरिकन बाईंनीं त्यांस भोजनप्रसंगीं पुष्कळ प्रश्न विचारले. तीं उत्तरें १९०८ सालीं ग्रंथरूपानें निघालीं. त्यांत ते म्हणतात कीं, ही कथा शब्दशः घेतल्यास बुद्धीस पटत नाहीं. आदाम म्हणजे आत्मा, हव्वा म्हणजे त्याचा जीव, आणि सर्प म्हणजे संसाराची आसक्ति. हा अनेक अर्थांपैकीं एक, असेंही ते प्रांजळपणें सांगतात.

युक्ति सुंदर आहे. हव्वा ही बाईच नव्हे, तेव्हां बायकांवरील आरोप आपोआप गळून पडतो. परंतु आमचें समाधान होत नाहीं. जो मोहांत पडतो त्या जीवास नांव स्त्रीचें, आणि जो मूळचा शुद्ध त्या आत्म्यास पुरुषाचें! सांख्यांच्या पुरुष-प्रकृतीशीं परिचय असलेल्या आमच्या वाचकांस ही वांटणी नवी वाटणार नाहीं. आरोप गेला, पायरी राहिली.

याहून त्यांची दुसरी एक व्याख्या आम्हांस फार मोलाची वाटते. बहाउल्लांच्या सुमारें १८७३ च्या 'किताब-इ-अक्दस' या ग्रंथांत दोन पत्नींची मुभा आहे. (बहाउल्लांस स्वतःस तीन पत्नी होत्या, ते विवाह या ग्रंथापूर्वींचे.) अब्दुल-बहांनीं म्हटलें, दुसऱ्या विवाहास न्यायाची अट आहे, तो न्याय अशक्य आहे, म्हणून पत्नी एकच. कुराणाच्या चौथ्या अध्यायांतही हे दोन्ही धागे आहेतच: चारांची परवानगी न्यायाच्या अटीवर, आणि पुढें, इच्छा असली तरी पुरुषास तो न्याय साधणार नाहीं, ही स्पष्ट कबुली. येथें रूपक कोठेंच नाहीं. अटीचा शब्द खरा धरला, एवढेंच. पण त्यामुळें बहाई घरांत सवत येण्याचा मार्ग बंद झाला. हव्वेस जीव म्हटल्यानें कोणत्या घरांतील काय बदललें, हें आम्हांस सांगतां येत नाहीं.

एक स्थळ मात्र राहतें. बहाईंच्या स्थानिक व राष्ट्रीय मंडळांवर स्त्रिया निवडून येतात. परंतु १९६३ सालीं प्रथम निवडलेल्या नऊ जणांच्या विश्वन्यायमंदिरांत त्यांस प्रवेश नाहीं. याचें मर्म पुढें सूर्याप्रमाणें स्पष्ट होईल, असें अब्दुल-बहांनीं लिहून ठेविलें आहे. येथें उकलावयास रूपक नाहीं, आणि बोट ठेवावयास अटही नाहीं.