करभास्थींवरून लिंगनिर्णय : देवणीच्या संदर्भात एक परीक्षण

अज्ञात मृताचा सांगाडा सगळा हाती असेल, तर कटिरास्थींवरून तो स्त्रीचा की पुरुषाचा हे सांगणे न्यायवैद्यकात फारसे कठीण मानले जात नाही. प्रश्न बिकट होतो तो कटिर व कवटी ही दोन्ही नाहीशी झाल्यावर. लातूर जिल्ह्याच्या पूर्व कडेला, कर्नाटकाच्या सीमेलगत वसलेल्या देवणीसारख्या भागात प्रेत उघड्यावर राहिले, तर कुत्री-कोल्ही ते विखुरतात, आणि नांगरटीत वा ओढ्याकाठी हाताची दोन-चार हाडेच सापडतात. प्रत्येक हातात २७ अस्थी असतात : मनगटाच्या ८, तळहाताच्या ५ व बोटांच्या १४. पैकी तळहाताच्या पाच लांबट अस्थींना, म्हणजे करभास्थींना, गेल्या काही दशकांत लिंगनिर्णयाचे साधन म्हणून विशेष महत्त्व प्राप्त झाले आहे.

शॉयर व एल्किंग्टन यांनी १९९३ मध्ये ब्रिटनमधील शवविच्छेदनगृहातील देहांच्या करभास्थी व अंगठ्याचे पहिले पेर मोजून सूत्रे बसविली. १९९५ मध्ये फाल्सेटी यांनी अशीच सूत्रे प्रसिद्ध केली. २००७ मध्ये केस व रॉस यांनी अमेरिकेतील टेरी संग्रहातील गौरवर्णीयांच्या अस्थींची केवळ लांबी घेतली. त्यांत डावा हात उजव्याहून सरस ठरला आणि अचूकता ८० टक्क्यांवर गेली. या अभ्यासांची शिस्त वादातीत आहे. आक्षेप आहे तो त्यांतील टक्केवारी पाठ्यपुस्तकांतून व तेथून अहवालांतून ज्या रीतीने उतरते त्या रीतीवर. ती टक्केवारी अस्थीचा गुणधर्म नव्हे. ती त्या संग्रहापुरती असते.

हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या समाजात दुसऱ्या करभास्थीची सरासरी लांबी पुरुषांत ६९ व स्त्रियांत ६४ मिलिमीटर असून दोहोंकडे प्रमाणविचलन ४ मिलिमीटर आहे. मध्यावर, ६६.५ वर, रेषा आखली तर चार निर्णयांपैकी सुमारे एक चुकतो. आता हीच रेषा अशा समाजाला लावावी, जेथे दोन्ही सरासऱ्या ३ मिलिमीटरने कमी आहेत. तेथे निम्म्याहून अधिक पुरुष ‘स्त्री’ ठरतात. उलट स्त्रियांच्या बाबतीत सूत्र बारांपैकी अकरा वेळा बरोबर येते. आणि केवळ स्त्रियांच्या अस्थींवर पडताळा घेणारा अभ्यासक आपले साधन अधिक अचूक झाले असे समजून संतुष्ट होईल !

देवणीचे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे ते तेथील गोवंशामुळे. वानेरा, बालंक्या व शेवरा हे त्याचे तीन प्रकार जाणकार शेतकरी दुरूनही ओळखतो. ह्या जनावरांच्या पुढच्या पायाची गुडघ्याखालची नळी ही करभास्थीच होय. तिसरी व चौथी करभास्थी एकजीव होऊन ती बनते. प्राचीन प्राण्यांच्या अस्थींचे अभ्यासक वळू व गाय यांतील भेद करण्यासाठी हीच नळी पसंत करतात, कारण वळूचा पुढचा भाग भारी असतो आणि त्याचे ओझे नळीच्या रुंदीत उतरते. वाढ पुरी होण्यापूर्वी खच्ची केलेल्या बैलाची नळी मात्र लांब व तुलनेने सडपातळ होते, कारण तिची टोके उशिरा सांधतात. त्यात जुवाखालचे काम अस्थीवर निराळीच खूण उमटविते. बार्तोसिएविच, व्हान नीर व लेंटाकर यांनी ओढकामाच्या गुरांवरील १९९७ च्या ग्रंथात तिचा तपशीलवार विचार केला आहे. रुंदी दिसली की लिंग ठरविण्याची घाई त्या शास्त्रात त्यामुळेच कोणी करीत नाही.

मनुष्याचा हात देहाचा भार वाहत नाही. येथे स्त्री-पुरुषांतील अंतर मूळचेच थोडे, आणि श्रमाचा परिणाम त्या थोड्या अंतरात मिसळणारा. करभास्थीची लांबी किशोरवयाच्या अखेरीस टोके सांधल्यावर कायम होते. जाडी त्यानंतरही बदलू शकते. खुरपणी, सोयाबीनची कापणी, ज्वारीची काढणी यांत आयुष्य गेलेल्या स्त्रीचा हात परदेशी शवविच्छेदनगृहातील स्त्रीच्या हाताशी कोणत्या आधारावर जुळवावा ? यावर असे उत्तर देता येईल की, श्रमाने दांडा जाड होतो, सांध्याची टोके फारशी बदलत नाहीत. ते बरेचसे खरे आहे, आणि म्हणून टोकांची रुंदी अधिक विश्वसनीय मानावी हेही मान्य करावे लागते. परंतु बालपणीच्या उपासमारीचा प्रश्न त्याने सुटत नाही. १९७२ च्या दुष्काळात वाढीच्या वयात असलेली पिढी आणि तिची नातवंडे यांच्या अस्थी एकाच गावात भिन्न मापांच्या असणे संभवते.

दहनाचा विचार तर सूत्रांच्या चर्चेत बहुधा येतच नाही. तीव्र उष्णतेने अस्थी दहा टक्क्यांहूनही अधिक आकसू शकते, आणि स्त्री-पुरुषांच्या करभास्थींतील सरासरी अंतर साधारण तेवढेच, किंबहुना कमी असते. जळालेला पुरुष अशा रीतीने स्त्री होतो. शिवाय ह्या भागात लिंगायत व मुस्लिम समाजांत दफनाची रूढी असल्याने वर आलेले हाड जुन्या दफनभूमीतलेही असू शकते; लिंगाआधी काळाचा प्रश्न विचारावयास हवा.

जनुकीय परीक्षेने हा वाद निकालात निघेल, असे म्हटले जाते. अस्थी जळालेली नसेल तर ते पुष्कळ अंशी खरे. बोटांची लहान पेरे त्या परीक्षेस उपयुक्तही ठरली आहेत. मात्र नमुना कापण्यापूर्वी मापे व बाजू नोंदली नाहीत, तर ती पुन्हा मिळत नाहीत. दहनामुळे ज्ञात व्यक्तींचे अस्थिसंग्रह येथे मोठ्या प्रमाणावर उभे राहणे कठीण. लातूर, अंबाजोगाई व नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत उपचारासाठी काढल्या जाणाऱ्या हातांच्या क्ष-किरण चित्रांवरून, नाव वगळून, वय, लिंग व व्यवसाय यांसह मापे जमविणे हाच त्यातल्या त्यात व्यवहार्य मार्ग दिसतो. चित्रात अस्थी किंचित मोठी उमटते, ती दुरुस्ती करावी लागेल.

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ अन्वये तज्ज्ञाचे मत न्यायालयापुढे ग्राह्य असते, बंधनकारक नसते. पण प्रकरण न्यायालयात जाण्यापूर्वीच त्या मताचे काम होऊन गेलेले असते. अहवालात ‘अस्थी स्त्रीची’ असे लिहिले की, तपास बेपत्ता स्त्रियांच्या नोंदींकडे वळतो, आणि मुलाची वाट पाहणाऱ्या घराकडे पुन्हा कोणी फिरकत नाही. ६५ मिलिमीटरच्या एकट्या करभास्थीवर ‘लिंग अनिश्चित, मापे, बाजू व वापरलेले सूत्र सोबत’ असा शेरा तपास-अधिकाऱ्यास अपुरा वाटेल, परंतु त्याने दोन्ही नोंदी उघड्या राहतात.