निक ड्रेकच्या उजव्या हाताविषयी

इंग्लंडमध्ये वॉरिकशायर भागात टॅनवर्थ-इन-आर्डेन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या सेंट मेरी मॅग्डालीन चर्चच्या आवारात, ओकच्या एका झाडाखाली गायक-गिटारवादक निक ड्रेकची रक्षा पुरलेली आहे. त्याचे चाहते दूरदूरहून तिथे येतात. कुणी फुलं ठेवतं, कुणी चिठ्ठी ठेवतं, कुणी गिटारचं पिक ठेवून जातं. गावात त्याच्या नावाने मेळावे भरत आलेत, त्यात त्याची गाणी म्हटली जातात. म्हणणाऱ्यांपैकी अनेकांचा जन्म निक गेल्यानंतरचा.

त्याच्याविषयी बोलताना या मंडळींच्या तोंडी पुन्हा पुन्हा दुःख येतं. किती दुःखी आवाज, किती एकटा माणूस, सगळं गाण्यांत आधीच सांगून गेला, असं ते म्हणतात. हे बोलणं मनापासूनचं असतं, यात शंका नाही. मला मात्र दर वेळी वाटतं, जरा थांबावं आणि गाणं ऐकावं. निक ड्रेकच्या गाण्यातलं दुःख लोक त्याच्या मरणात शोधतात. मला ते त्याच्या उजव्या हातात आणि गळ्यात जे अंतर आहे, तिथे ऐकू येतं.

त्याचा जन्म १९ जून १९४८ चा, रंगूनमधला. वडील रॉडनी हे बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये इंजिनिअर होते. मुंबईत १८६३ साली स्थापन झालेली ही कंपनी ब्रह्मदेशच्या सागवानावर मोठी झाली. थोरली बहीण गॅब्रिएल लाहोरला जन्मली, पुढे नावाजलेली अभिनेत्री झाली. निक लहान असतानाच हे कुटुंब इंग्लंडला परतलं आणि टॅनवर्थच्या ‘फार लेज’ या घरात स्थिरावलं. मार्लबरोची शाळा, मध्ये काही महिने फ्रान्समध्ये एक्स-आं-प्रोव्हान्सला, मग केंब्रिजमध्ये इंग्रजी साहित्य. तेही पदवी न घेता सोडलं. १९६९ मध्ये ‘फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’, १९७१ मध्ये ‘ब्रायटर लेटर’, १९७२ मध्ये ‘पिंक मून’. एवढ्या तीन तबकड्या. सुरुवातीच्या काळात यांपैकी एकीच्याही पाच हजार प्रती खपल्या नाहीत. २५ नोव्हेंबर १९७४ रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, नैराश्यावरच्या औषधाची मात्रा जास्त झाल्याने तो गेला. चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला, पण जवळच्या काही माणसांना तो कधीच पूर्णपणे पटला नाही.

मोठेपणीच्या निकचं चालतं-बोलतं चित्रण कुठेही सापडलेलं नाही. गातानाचं नाही, साधं रस्त्यातून जातानाचंही नाही. मासिकांत मुलाखत म्हणावी अशी एकच, तीही त्रोटक. कीथ मॉरिसने काढलेले फोटो आहेत: उंच, किंचित पोक काढलेला, कॅमेऱ्याकडे न पाहणारा तरुण. माणसाविषयी इतकं कमी हाती लागल्यावर रसिकांनी ती जागा गाण्यांनी भरून काढली आणि गाण्यांचा अर्थ मरणाने लावला. ‘फ्रूट ट्री’ या गाण्याचं हेच झालं. कीर्ती माणूस गेल्यावरच फळाला येते, अशा आशयाचं हे गाणं पहिल्याच तबकडीत आहे. पुढे १९७९ मध्ये त्याच्या सगळ्या तबकड्यांचा संच निघाला, त्यालाही हेच नाव दिलं गेलं. मग त्यात भविष्यवाणी दिसू लागली. पण हे गाणं लिहिणारा विशीतला साहित्याचा विद्यार्थी होता, ब्लेक आणि फ्रेंच प्रतीकवादी कवी वाचणारा. अकाली गेलेला आणि मागाहून थोर ठरलेला कवी हा त्या परंपरेतला जुनाच विषय. त्याने तो उत्तम हाताळला, एवढंच मी म्हणेन. त्यात त्याचं मरण वाचणं म्हणजे त्याच्या कारागिरीचं श्रेय नशिबाला देणं.

आता त्या उजव्या हाताकडे येतो. निक बोटांनीच वाजवायचा. अंगठा खर्जाच्या तारांवर ठेका धरतो, बाकीची बोटं वरच्या तारांवर सुरावट विणतात. ही पद्धत इंग्लंडमधल्या त्या पिढीच्या बऱ्याच गिटारवाद्यांकडे होती, पण निकचा अंगठा ढळत नाही. त्याचं ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी याबद्दल कौतुकाने सांगून ठेवलंय. एक आवर्तन वाजलं की पुढचं तसंच, तितकंच स्वच्छ. एकही तार चुकून दबत नाही. आणि या बिनचूक हातावर गळा मात्र उशिरा येतो. जिथे ओळ सुरू व्हावी असं कानाला वाटतं, तिथे तो गप्प असतो. ठेका थोडा पुढे गेला की हलकेच शब्द सोडतो. समेवर जोर देत नाही. ओळीचा शेवट श्वासात विरून जातो, तोवर गिटार पुढच्या आवर्तनात पोचलेली असते. वाद्य चालतंय, माणूस मागे राहतोय, आणि दोन्ही एकाच देहातून येतंय. शब्द कळले नाहीत तरी हे ऐकू येतं.

‘रिव्हर मॅन’ घ्या. माझ्या मते त्याचं सर्वांत थोर गाणं हेच, आणि त्याला स्वतःलाही ते पहिल्या तबकडीचा गाभा वाटत असे. पाच मात्रांचं आवर्तन आहे. झपतालाला सरावलेल्या कानाला पाचाची ही चाल परकी वाटणार नाही. पण झपतालात टाळी आणि खाली वाट दाखवतात. इथे ड्रम नाहीत, वाट दाखवणारं कुणी नाही. गिटारच पाच मोजते आणि तीही बोट न दाखवता. त्यामुळे आवर्तन कुठे संपलं ते कळेपर्यंत पुढचं सुरू झालेलं असतं. गाण्यात बेटी नावाची एक बाई येते, काही बोलते, जाते. गाणाऱ्याला नदीवरच्या त्या माणसाकडे जायचंय, काही विचारायचंय, काही सांगायचंय. काय, ते शेवटपर्यंत उलगडत नाही. हा नदीवरचा माणूस कोण यावर चाहते वर्षानुवर्षं वाद घालत आलेत. मला त्या वादात फारसा रस नाही, कारण गाण्याचा अर्थ स्वरांनी केव्हाच सांगितलेला असतो. साथीची सुरुवात कोमल गंधाराने होते, आणि फेरा पुरा होता होता शुद्ध गंधार लागतो. खोलीत उजेड यावा तसं वाटतं. पण तो उजेड टिकत नाही. पुढच्या फेऱ्याला पुन्हा कोमल गंधार. हा फेरा गाणंभर चालतो. सुटका दर वेळी हाताशी येते आणि दर वेळी निसटते. याला नुसतं दुःख म्हणणं अपुरं आहे. त्यात आशा इतक्या नियमाने येते की तिच्या येण्याचीच हुरहूर लागते.

या गाण्यातल्या तारवाद्यांची रचना हॅरी रॉबिन्सनची. निकचा केंब्रिजचा मित्र रॉबर्ट कर्बी याने त्या तबकडीतल्या इतर काही गाण्यांची वाद्यरचना केली होती, पण हे गाणं आपल्या आवाक्याबाहेरचं आहे असं त्याने मोकळेपणी मान्य केलं. निकला संगीतकार डेलियससारखा रंग हवा होता, तो रॉबिन्सनने दिला. लंडनच्या चेल्सी भागातल्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत हे गाणं निक आणि वाद्यवृंद यांनी एकत्र बसून एकदमच ध्वनिमुद्रित केलं. भोवती व्हायोलिनं दाटून येत असताना तो विशीतला मुलगा पाचाचा ठेका धरून बसलाय आणि गातोय. जो कुणाच्या नजरेला नजर देत नसे असं सगळे सांगतात, त्याची ही छाती.

‘ब्रायटर लेटर’बद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती मला पूर्णपणे कधी भावली नाही, ड्रम आणि बासच्या गर्दीत तो अंगठा हरवतो. तरी दोन गाण्यांसाठी ती जवळ ठेवावी. एक ‘नॉर्दर्न स्काय’, त्यात जॉन केलने चेलेस्टा वाजवलाय आणि त्याहून उजळ प्रेमगीत त्या काळच्या इंग्रजी संगीतात मला माहीत नाही. दुसरं ‘पुअर बॉय’. यात निक स्वतःच्या बिचारेपणाकडे बघतो आणि पी. पी. अर्नोल्ड व डोरिस ट्रॉय या दमदार गायिका मागून त्याची चक्क खिल्ली उडवतात. आपल्या दुःखाकडे असं बाहेरून बघता येणारा माणूस होता तो. त्याला निव्वळ कीव देऊ करणाऱ्यांनी हे गाणं आधी ऐकावं.

हा स्वर आला कुठून, याचं उत्तर बऱ्याच उशिरा मिळालं. आई मॉली घरच्या पियानोवर स्वतः गाणी रचायची. १९५० च्या दशकात रॉडनींनी ती घरीच टेपवर उतरवून ठेवली होती. २०१३ मध्ये ती सर्वांसाठी प्रसिद्ध झाली आणि निकचे चाहते चकित झाले. तसेच अनपेक्षित वळण घेणारे स्वरमेळ, तसाच आवाज न चढवता ओळ सोडून देणं, तशीच ऋतूंची आणि निसटत्या सुखाची भाषा. म्हणजे हा करुण रंग त्या घरात निकच्या आजाराच्या कितीतरी आधीपासून होता. संध्याकाळी दिवाणखान्यात पियानोपाशी बसून आई गात होती, वडील टेप लावत होते, मुलं ऐकत होती. दुःखाला नीटनेटकं रूप द्यायचं हे शिक्षण त्याला तिथे मिळालं. आजाराने ते दिलेलं नाही.

‘पिंक मून’ ही अकरा गाण्यांची, जेमतेम अठ्ठावीस मिनिटांची तबकडी. ऑक्टोबर १९७१ मध्ये दोन रात्रींत झाली. स्टुडिओत फक्त निक आणि ध्वनिमुद्रक जॉन वुड. आवाज आणि गिटार, बस्स; शीर्षकगीतात तेवढे पियानोचे मोजके स्वर, तेही निकचेच. पुरी झालेली टेप कंपनीच्या स्वागतकक्षात ठेवून तो कुणाशी न बोलता निघून गेला, अशी आख्यायिका आहे आणि ती लोकांना फार आवडते. प्रत्यक्षात त्याने ती आयलंड रेकॉर्ड्सच्या ख्रिस ब्लॅकवेल यांच्या हातात दिली होती. आपलं काम पुरं करून मालकाच्या हाती सोपवणारा कलावंत, हे चित्र मला अधिक खरं आणि अधिक सन्मानाचं वाटतं.

शीर्षकगीतासाठी त्याने तारा ज्या जुळवल्या, त्या आपल्या स्वरांत मांडल्या तर खर्जाकडून वर सा, प, सा, म, सा, ग अशा येतात. सहांपैकी तीन तारा षड्जाच्या. गिटारचा नेहमीचा सर्वांत खालचा स्वर त्याने आणखी दोन स्वर खाली ओढला, आणि मग गिटारच्या मानेवर दुसऱ्या पडद्यावर कापो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारी पट्टी, लावला. मोकळ्या तारा गुंजत राहतात आणि त्या गुंजेखाली अंगठा चालतो. एकटा माणूस एक वाद्य घेऊन बसलाय, तरी पोकळी जाणवत नाही ती यामुळे. या तबकडीला लोक उजाड म्हणतात. मला ती भरलेली वाटते; जे नको होतं ते त्याने काढून टाकलंय.

मग १९७४. निक आजारी होता, फार लेजला आईवडिलांकडे परतला होता. रॉडनी त्याच्या आजाराची रोज नोंद ठेवत होते. त्या वर्षी निर्माते जो बॉइड आणि ध्वनिमुद्रक जॉन वुड यांच्यासोबत त्याने पुन्हा काही गाणी ध्वनिमुद्रित केली. ‘ब्लॅक आइड डॉग’ त्यांतलंच. आणि या वेळी त्याला गाणं आणि वाजवणं एकाच वेळी जमेना. आधी गिटार ध्वनिमुद्रित करावी लागली, मग तिच्यावर आवाज. बॉइडना ते पाहून धसका बसला होता. ज्याने भर वाद्यवृंदात पाचाचा ठेका धरून गाणं सोडलं होतं, त्याचा हात आणि गळा आता एकत्र चालत नव्हते. आजार आणि गाणं यांचा संबंध मला इथे लख्ख दिसतो. आजारपणाने त्याला गाणी दिली असं मानणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याच्या गाण्याचं सगळं मर्म ज्या जोडणीत होतं, आजाराने नेमकी तीच तोडली.

निक गेल्यावर चाहते फार लेजची बेल वाजवू लागले. मॉली आणि रॉडनी त्यांना घरात घ्यायचे, चहा द्यायचे, मुलाची खोली दाखवायचे. स्मृतिशिलेच्या मागच्या बाजूला एक ओळ कोरलेली आहे, ती ‘फ्रॉम द मॉर्निंग’मधली. ‘पिंक मून’चं हे शेवटचं गाणं पहाटेचं, उमलण्याचं, पुन्हा उठून उभं राहण्याचं आहे. इतक्या गाण्यांतून ही ओळ निवडली गेली. मरणातून गाण्यांचा अर्थ काढणाऱ्या सगळ्यांपेक्षा त्या घरच्या माणसांनी निकला बरोबर ऐकलं होतं.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. १९९९ च्या सुमाराला फोक्सवॅगनच्या एका जाहिरातीत ‘पिंक मून’ वाजलं आणि जी तबकडी त्याच्या हयातीत फारशी कुणी घेतली नव्हती ती अमेरिकेत हजारोंनी खपली. काही जुन्या चाहत्यांना ते विटाळल्यासारखं वाटलं. मला वाटत नाही. मोटारीत बसलेली चार तरुण पोरं रात्री चंद्राखालून जाताना ते गाणं ऐकतात, यात त्या गाण्याचा काही अपमान नाही.

खरा वारसा मात्र गिटार घेऊन बसणाऱ्यांनी सांभाळलाय. बोटं कुठे पडत होती हे दाखवणारं चित्रण नाही, म्हणून लोकांनी त्याच्या तारांच्या जुळण्या कानाने शोधून काढल्या: कुठली तार मोकळी गुंजते, कुठे दाबलेला स्वर ऐकू येतो, कापो कितव्या पडद्यावर असेल. एकाने काढलेलं दुसऱ्याने तपासलं, तिसऱ्याने दुरुस्त केलं. ‘फ्रॉम द मॉर्निंग’ची बोटं चिकाटीने बसवता येतात. खरी कसोटी त्यानंतर लागते. गळा उघडून पहिली ओळ जरा मागे ठेवून सोडायला जावं, तर अंगठा लगेच तिच्या मागे घसरतो. मग पुन्हा नुसता ठेका धरायचा, तो हाताला आपोआप येईपर्यंत, आणि पुन्हा गायला लागायचं.