नोंद मंजूर होते तो क्षण

शिक्रापुरात चाकणचा रस्ता पुणे-अहिल्यानगर हमरस्त्याला मिळतो. गोदामे आणि कारखान्यांच्या या पट्ट्यात फेरफार म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. खरेदीखत झाले म्हणजे सातबारा बदलला असे नाही. गाव नमुना 6 मध्ये नोंद धरली जाते, चावडीवर प्रत लागते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस थांबावे लागते. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की मगच नाव उताऱ्यावर चढते. नोंद रद्द झाली तर उतारा होता तसाच राहतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 150 मधली ही शिस्त मला अतिशय देखणी वाटते.

मोंगोडीबी या डेटाबेसमधले ट्रान्झॅक्शन, म्हणजे सगळे बदल एकत्र लागू होणे किंवा एकही न होणे, मी याच नजरेने वाचतो. विकणाऱ्याच्या खात्यातून 40 आर वजा करायचे, घेणाऱ्याच्या खात्यात तेवढेच जमा करायचे. खाती दोन, म्हणून डॉक्युमेंटही दोन. ट्रान्झॅक्शन नसेल आणि मध्येच सर्व्हर बंद पडला, तर 40 आर कुणाचेच नाहीत! इथे कोडमधला एक लहानसा शब्द पाहा: सेशन. दोन्ही अपडेटना तोच सेशन द्यावा लागतो. एकीला द्यायचा राहिला, तर ती गुपचूप ट्रान्झॅक्शनबाहेर लिहिली जाते आणि पुढे सगळे रद्द झाले तरी तिचा बदल मागे राहतो. सेशन बरोबर असेल, तर कमिट होईपर्यंत, म्हणजे बदल पक्के होईपर्यंत, बाहेरच्या वाचकाला जुनीच खाती दिसतात. दोन ट्रान्झॅक्शननी एकाच वेळी एकाच खात्याला हात घातला, तर एकाला माघार घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणूनच एसएमएस पाठवणे या कोडमध्ये ठेवू नये. फेरप्रयत्नात तो दोनदा जाईल.

अनेक डॉक्युमेंट एकत्र बदलणाऱ्या ट्रान्झॅक्शनची सोय मोंगोडीबीत 2018 मध्ये 4.0 आवृत्तीत आली, शार्ड केलेल्या (अनेक सर्व्हरवर विभागलेल्या) डेटासाठी 2019 मध्ये. त्याआधीही एका डॉक्युमेंटमधला बदल अखंडच होत असे आणि खरे सौंदर्य मला तिथेच दिसते. क्षेत्र, भोगवटादार, इतर हक्क, पिके हे सगळे सातबाऱ्यावर एकत्र असते. डॉक्युमेंटची मांडणीही अशी जमली की ट्रान्झॅक्शनची गरज क्वचितच पडते.

ट्रान्झॅक्शनला मुळात 60 सेकंदांचीच मुदत असते. त्यामुळे हरकतीचे 15 दिवस त्यात कोंबू नयेत. ‘नोंद प्रलंबित’ ही स्थिती डॉक्युमेंटमध्ये साधी लिहून ठेवावी आणि ट्रान्झॅक्शन उघडावे ते फक्त नोंद मंजूर करताना.