स्वतंत्र संचालक आणि सुशासनाचे मोजमाप : एक चिकित्सा

कंपनी सुशासनावरील भारतीय संशोधनाचा सैद्धान्तिक पाया बव्हंशी परकीय आहे. अमेरिकी कंपन्यांत मालकी विखुरलेली व नियंत्रण व्यवस्थापकांच्या हाती, ही मांडणी बर्ल व मीन्स यांनी १९३२ मध्ये केली. जेन्सन व मेकलिंग यांनी १९७६ मध्ये तिच्यावर अभिकर्ता-सिद्धान्ताची उभारणी केली. भागधारक हा धनी आणि व्यवस्थापक हा त्याचा मुनीम, असे हे नाते. भारतातील असंख्य सूचिबद्ध कंपन्यांत मात्र मुनीम धन्याच्याच घरातला असतो. येथील कळीचा संघर्ष प्रवर्तक आणि अल्पसंख्य भागधारक यांच्यातील आहे. हे ठाऊक असूनही अनेक अभ्यास स्वतंत्र संचालकांची टक्केवारी, सभांची संख्या व लेखापरीक्षण समितीची रचना एवढ्यावरच निर्देशांक बेततात आणि नफ्याशी त्याचा सहसंबंध काढून मोकळे होतात.

या पद्धतीची मर्यादा सत्यम प्रकरणाने उघडी पाडली. कुमारमंगलम बिर्ला समितीच्या शिफारशींवरून सेबीने २००० मध्ये सूचिकरण करारात कलम ४९ घातले. त्याच्या निकषांवर सत्यमचे मंडळ नावे ठेवण्याजोगे नव्हते. त्यात व्यवस्थापनशास्त्राचे नामवंत प्राध्यापकही होते. २००८ मध्ये कंपनीला सुशासनाचा पुरस्कारही लाभला. त्याच वर्षी १६ डिसेंबरला प्रवर्तक-कुटुंबाशी निगडित दोन मेटास कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरना घेण्यास मंडळाने संमती दिली. तो बेत हाणून पाडला गुंतवणूकदारांच्या संतापाने, स्वतंत्र संचालकांनी नव्हे. ७ जानेवारी २००९ च्या कबुलीनुसार ताळेबंदातील ५,०४० कोटी रुपयांची रोकड व बँकशिल्लक अस्तित्वातच नव्हती. शिवाय प्रवर्तकांचा भाग तेव्हा १० टक्क्यांहून कमी होता. म्हणजे मालकी मोजली की नियंत्रण कळते, हे गृहीतकही येथे टिकत नाही.

२०१३ च्या कंपनी कायद्याने स्वतंत्र संचालकाची व्याख्या कडक केली. परंतु त्याला आणतो कोण आणि काढतो कोण, हा प्रश्न उरलाच. डिसेंबर २०१६ मध्ये सायरस मिस्त्री यांची बाजू घेणारे नस्ली वाडिया हे स्वतंत्र संचालक असूनही टाटा समूहाच्या तीन कंपन्यांतून भागधारकांच्या साध्या ठरावाने दूर झाले. १ जानेवारी २०२२ पासून सेबीने सूचिबद्ध कंपन्यांसाठी विशेष ठरावाची अट घातली. अल्पसंख्य भागधारकांची स्वतंत्र संमती मूळ प्रस्तावात होती. ती मात्र गळाली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये आली ती केवळ पर्यायी मार्ग म्हणून.

संशोधकाला हाताशी असलेले एक साधन अजून पुरेसे वापरले गेलेले नाही. राजीनामा देणाऱ्या स्वतंत्र संचालकाने सविस्तर कारणे द्यावीत व अन्य महत्त्वाचे कारण नसल्याचे लिहून द्यावे, असे सेबीचे बंधन आहे. ही पत्रे शेअर बाजारांकडे जाहीर होतात. ‘वैयक्तिक कारणास्तव’ आणि ‘अन्य व्यापामुळे’ या शब्दांनी भरलेली ही पत्रे त्या त्या कंपनीच्या पुढील दोन-तीन वर्षांच्या लेखापरीक्षण अहवालांशेजारी ठेवून वाचता येतील.