राज्य फुलपाखराची ओळख आणि अधिवास : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना :
महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ‘ब्लू मॉर्मन’ या फुलपाखरास राज्य फुलपाखराचा दर्जा दिला. असा दर्जा देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होय. मराठीत हे फुलपाखरू ‘राणी पाकोळी’ व ‘नीलवंत’ या नावांनी ओळखले जाते. तथापि त्याची प्रचलित ओळख पंखांच्या रंगापाशी थांबते. अधिवास हा ओळखीचाच अविभाज्य भाग आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बाह्य लक्षणे व त्यांच्या मर्यादा :
पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर हे या जातीचे शास्त्रीय नाव. पंखांचा विस्तार सुमारे १२० ते १५० मिलिमीटर असतो. काळ्या मखमली पंखांवर फिकट निळे पट्टे, मागील पंखांच्या निळ्या भागावर काळे ठिपके आणि शेपटीचा अभाव ही त्याची ठळक लक्षणे होत. परंतु ईशान्य भारतात आढळणाऱ्या ‘ग्रेट मॉर्मन’चा नरही मोठा, काळा-निळसर व बिनशेपटीचा असतो. ब्लू मॉर्मनचा आढळ मुख्यत्वे द्वीपकल्पीय भारत व श्रीलंका येथे आहे. त्यामुळे स्थळाची नोंद हाही ओळखीचा पुरावा ठरतो.

इंग्रजी नावही फारसे साहाय्य करीत नाही. ‘मॉर्मन’ हे नाव मुळात ‘कॉमन मॉर्मन’च्या मादीच्या अनेक रूपांवरून, बहुपत्नीत्वाच्या संदर्भात रूढ झाले. ब्लू मॉर्मनचे नर व मादी मात्र दिसण्यात बरेच सारखे असतात. म्हणजे नावात दुसऱ्याच जातीचे वैशिष्ट्य आले आहे.

ग्रंथपरंपरेतील बदल :
बिंगहॅम यांच्या १९०७ मधील ग्रंथाचा मुख्य भर नमुन्यांच्या पंखवर्णनावर होता. आयझॅक किहीमकर यांच्या २००८ मधील ग्रंथात जिवंत फुलपाखरांच्या छायाचित्रांसोबत अळ्यांच्या खाद्यवनस्पतींचीही माहिती येते. हा बदल केवळ मांडणीचा नाही. त्यामुळे अभ्यासकाची दृष्टी संग्रहपेटीकडून झाडाकडे वळते.

अधिवासाचा प्रश्न :
प्रौढ फुलपाखरू अनेक फुलांवरील मध घेते. अळीचे खाद्य मात्र प्रामुख्याने लिंबूवर्गीय वनस्पतींपुरते मर्यादित असते. रानात माकडलिंबू, तर परसात पपनस व लिंबू यांवर मादी अंडी घालते. म्हणूनच हे फुलपाखरू सह्याद्रीच्या जंगलाप्रमाणे मुंबईतील बागांतही दिसते. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे ती हिरवी होते. लिंबाच्या झाडावरील इतर फुलपाखरांच्या अळ्याही सुरुवातीस अशाच दिसतात. परिणामी, कीड समजून केलेल्या फवारणीत राज्य फुलपाखराचीच अळी नष्ट होण्याचा संभव राहतो.

निष्कर्ष :
राज्य फुलपाखराचा गौरव प्रौढावस्थेच्या चित्रापुरता राहिल्यास त्याच्या जीवनक्रमातील सर्वांत असुरक्षित टप्पा दुर्लक्षित राहतो. महाविद्यालयीन नोंदवह्यांत जातीच्या नावाबरोबरच स्थळ, महिना, अवस्था व खाद्यवनस्पती यांची नोंद होणे अगत्याचे आहे. माकडलिंबाचे झुडूप आणि त्यावरील अळी ओळखता येणे, हीच या फुलपाखराची पूर्ण ओळख होय.