फायरिंग-नियंत्रण : एन्सवर्थ यांच्या निबंधाचा पुनर्विचार

थायरिस्टर कन्व्हर्टरचे विवेचन करताना पाठ्यपुस्तके बहुधा एका सूत्रापाशी थांबतात : सरासरी एकदिश व्होल्टेज फायरिंग अँगलच्या कोसाइनच्या प्रमाणात बदलते. हा अँगल प्रत्यक्षात कोणत्या संदर्भाने साधायचा, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहतो. जे. डी. एन्सवर्थ यांच्या फेज-लॉक्ड ऑसिलेटरवरील १९६८ सालच्या निबंधाचे मोल त्याने हाच प्रश्न ऐरणीवर आणला यात आहे.

तत्पूर्वीच्या पद्धतीत प्रत्येक व्हॉल्व्हचा फायरिंग-क्षण त्याच्या स्वतःच्या कम्युटेशन व्होल्टेजच्या शून्य-छेदावरून ठरे. पुरवठा सबळ असेल तोवर यात काही बिघडत नाही. परंतु दुर्बल जालात तरंगाकार विकृत झाला की शून्य-छेद सरकतात, पल्समधील अंतरे असमान होतात, त्यातून तिसऱ्यासारखे अवांछित हार्मोनिक उद्भवतात आणि तेच तरंगाकार आणखी बिघडवतात. फिल्टर वाढवीत जाणे हा उपाय खर्चिक. शिवाय नव्या अनुनादाला निमंत्रण देणारा.

एन्सवर्थ यांनी मूळ दोष हेरला. त्यांचा ऑसिलेटर स्थिर अवस्थेत समान अंतराने पल्स देतो (५० हर्ट्झवरील सहा-पल्स कन्व्हर्टरला दर ३.३३ मिलिसेकंदांनी) आणि प्रवाहातील त्रुटीनुसार त्याची वारंवारता किंचित बदलते. जालाशी त्याचा मेळ बसतो तो या प्रवाह-नियंत्रणाच्या चक्रातूनच. व्होल्टेजच्या फेजशी थेट जुळवून घेणारा आजचा फेज-लॉक्ड लूप आणि हा ऑसिलेटर एकच समजण्याची गफलत वर्गातील टिपणांत सर्रास आढळते; नामसाधर्म्याने केलेला हा घोटाळा म्हणावा लागेल.

समान अंतराला किंमतही आहे. असमतोल दोषाच्या वेळी जुनी पद्धत शक्य तेवढे अधिक व्होल्टेज मिळवून देई; नव्या पद्धतीत ते काही अंशी गमवावे लागते. इन्व्हर्टरच्या बाजूस सर्वांत बिकट स्थितीतील व्हॉल्व्हचा विझण-कोन सांभाळताना इतरांना गरजेहून अधिक कोन द्यावा लागतो आणि रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरची मागणी वाढते. फेज एकाएकी सरकल्यास ऑसिलेटर सावरेपर्यंत कम्युटेशन फसू शकते. येथे एक अंश म्हणजे अवघे ५५.६ मायक्रोसेकंद.

चंद्रपूर–पडघे ही ±५०० केव्ही, १५०० मेगावॉट क्षमतेची एकदिश वाहिनी १९९९ मध्ये कार्यान्वित झाली. तेव्हा महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला हा विषय परका नाही. तरीही अध्यापन सूत्रावरील उदाहरणांतच अडकून पडते. वास्तविक प्रयोगशाळेतील सहा-पल्स संचाच्या पुरवठ्यात एकसरीत इंडक्टर जोडले, तर व्होल्टेज-तरंगात पडणाऱ्या खाचा ऑसिलोस्कोपवर एका तासिकेत दाखविता येतात.