गिरणी आणि मिल

दिवाळी आठ दिवसांवर आली की लालबाग-परळच्या घराघरांतून एकच हाक ऐकू येते : "अरे, भाजणी तेवढी गिरणीतून दळून आण." हातात डबा आणि चेहऱ्यावर कंटाळा घेऊन पोरे रांगेत उभी राहतात. अशाच रांगेत उभ्या राहणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याने सहामाहीच्या निबंधात लिहिले : 'आमच्या भागाला गिरणगाव म्हणतात, कारण येथे पूर्वी पिठाच्या गिरण्या पुष्कळ होत्या.' प्रथम मला हसू आले आणि मग वाईट वाटले. त्या मुलाचे आजोबा साचाखात्यात होते, हे मला ठाऊक होते. वाक्याखाली लाल रेघ ओढली खरी. परंतु शेजारच्या समासात काय लिहावे ते सुचेना. कारण निव्वळ शब्दाचा हिशेब पाहिला, तर पोराचे फारसे चुकले नव्हते.

इंग्रजी 'मिल' या शब्दाचे घराणे जात्याचेच. लॅटिनमध्ये 'मोला' म्हणजे जात्याचा दगड आणि 'मोलेरे' म्हणजे दळणे; त्यातून 'मोलिना' आणि पुढे इंग्रजी 'मिल'. दळणारी दाढ ती 'मोलर'. सरकारी कागदांत पगाराला 'इमॉल्युमेंट्स' म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ दळणाऱ्याला द्यावयाची मजुरी असा असावा, असे कोशकार सांगतात. बळी देणे या अर्थाचा 'इमोलेट' हाही याच कुळातला, कारण रोमन लोक बळीच्या अंगावर मीठ घातलेले पीठ शिंपडत. पीठ या अर्थाचा 'मील' याच घरचा. परंतु जेवण या अर्थाचा 'मील' मात्र परका आहे. त्याचे मूळ माप आणि वेळ यांत आहे. एकाच पानात वाढले जाणारे हे दोन शब्द एकमेकांचे कोणीच लागत नाहीत!

मग जाते कापडाकडे वळले कसे? युरोपात जात्याचा दगड फिरवायला नदीवर पाणचक्क्या बसल्या. तेच पाण्याचे चाक पुढे लाकूड कापायला, कागदाचा लगदा कुटायला आणि लोकरीचे कापड घट्ट करायला जुंपले गेले. चाक असेल ते घर 'मिल' झाले. १७७१ साली रिचर्ड आर्कराइटने क्रॉमफर्ड येथे पाण्याच्या चाकावर सूत काढायला आरंभ केला, तेव्हा त्या इमारतीचे नाव आयतेच तयार होते. पुढे वाफ आली, चाक गेले, नाव राहिले. ते नाव बोटीत बसून मुंबईला आले. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला पहिली गिरणी सुरू झाली.

येथे मराठीची एक गंमत पाहण्यासारखी आहे. इंग्रज 'मिल' म्हणून मोकळा होतो. आपण मात्र हरेक यंत्राला त्याच्या कामाचे नाव देतो. घरात फिरते ते जाते, तेल काढतो तो घाणा, ऊस पिळतो तो चरक, वाऱ्यावर फिरते ती पवनचक्की, साखरेचा तो कारखाना. एवढा काटेकोरपणा करणाऱ्या भाषेने पीठ आणि कापड यांना मात्र एकच गिरणी दिली. म्हणून आमच्या विद्यार्थ्याची फसगत झाली. उलट फसगतही होते. जॉर्ज एलियटची 'द मिल ऑन द फ्लॉस' ही १८६० ची कादंबरी प्रथम हाती आली, तेव्हा नुसत्या नावावरून माझ्या कानांत भोंगा वाजू लागला होता. आत पाहतो तो नदीकाठची पिठाची पाणचक्की आणि तेथले बहीण-भाऊ! परळच्या वाचकाला 'मिल' शब्द एका बाजूला ओढतो, हे अनुवादकाने विसरता कामा नये.

इंग्रजीतून आलेली एक गोष्ट मात्र मराठीने घेतली नाही. लँकेशायरमध्ये कामगारांना 'हँड्स', म्हणजे नुसते हात, म्हणत. १८५४ साली डिकन्सने 'हार्ड टाइम्स'मध्ये या शब्दाचा चांगलाच समाचार घेतला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत संघटना उभारली, तिच्या इंग्रजी नावातही 'मिल हँड्स' आहेच. मराठीने त्याचे भाषांतर 'गिरणीचे हात' असे केले नाही. तिने 'कामगार' म्हटले, म्हणजे हातांना डोके आणि पोट जोडून दिले.

पुढे तर या दोन शब्दांनी बाजूही घेतल्या. १९२८ साली लाल बावट्याची युनियन निघाली, ती 'गिरणी कामगार युनियन'. पुढे सरकारी मान्यता ज्या संघटनेला मिळाली, ती 'राष्ट्रीय मिल मजदूर संघ'. दत्ता सामंतांच्या संघटनेच्या नावात पुन्हा 'गिरणी कामगार'च. बोलताना माणसे दोन्ही शब्द बिनदिक्कत वापरीत, "कोणत्या मिलमध्ये?" असे विचारीत आणि "गिरणी सुटली" असे सांगत. परंतु वस्तीचे नाव गिरणगावच पडले. 'मिलगाव' कोणी म्हटले नाही.

आता आम्हा लेखकांविषयी. मामा वरेरकरांनी कादंबरीला 'धावता धोटा' असे नाव दिले. म्हणजे शीर्षकातच कामगाराच्या हाताखालची वस्तू ठेवली. नंतरच्या पुष्कळांनी, त्यात मीही आलो, एवढेही केले नाही. भोंगा वाजवला, चाळीत दिवा लावला, संपाचा मोर्चा काढला की गिरणी झाली, अशी आमची समजूत. माझ्या एका कादंबरीत भोंगा अकरा वेळा वाजतो; साचा एकदाही चालत नाही. शब्द तोंडात आहे, म्हणजे वस्तू डोळ्यांपुढे आहे, असा हा भ्रम आहे.

दारातून आत गेलो असतो तर काय दिसले असते? धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. या एका कृतीपायी, अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना बरा पगार असलेल्या कापडखात्यात सवर्ण कामगार येऊ देत नसत. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न मांडला. 'गिरणी कामगार' हा शब्द सर्वांना एका ओळीत बसवतो, म्हणून तो मोठा. आणि ओळीतली ही फट झाकतो, म्हणून त्याच्यावर नजरही ठेवायला हवी. जयंत पवारांचे 'अधांतर' मला या बाबतीत प्रामाणिक वाटते. त्यात सारे घडते ते चाळीतल्या घरात. गिरणी आणून दाखवण्याचा आव नाही. गिरणी गेल्यावर माणसांचे काय झाले तेवढेच आहे, आणि ते पुरेसे आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून मिटल्या आणि जमिनी जाग्या झाल्या. १९९१ च्या नियमाने जमिनीचा एकेक हिस्सा शहराला आणि घरांना द्यावयाचा होता. २००१ च्या दुरुस्तीने तो हिशेब फक्त मोकळ्या जमिनीपुरता उरला. आज लोअर परळला उतरून 'फिनिक्स मिल', 'कमला मिल' विचारा. कोणीही वाट दाखवील. तेथे सूत नाही, कापड विकत मात्र मिळते. कामगारांचा 'गिरणी' हा शब्द पिठाकडे परत गेला आणि 'मिल' हा शब्द जमिनीबरोबर मालकाकडे राहिला.

त्याच आवारांतल्या उंच इमारतींत व्यायामाची 'ट्रेडमिल' असते. तिचेही कूळ सांगून टाकतो. १८१८ साली विल्यम क्यूबिट या इंग्रजाने कैद्यांना राबवण्यासाठी पायाने फिरवण्याचे चाक केले, ते हे. तुरुंगातली शिक्षा आज पैसे भरून घेतली जाते. सकाळी त्या पट्ट्यावर धावणाऱ्यांचा यात दोष काही नाही. प्रकृती जपावी, हे उत्तमच. शब्द किती लांबचा प्रवास करून आपल्या दारी येतात, एवढेच मला म्हणायचे आहे.

शेवटी त्या मुलाच्या वहीच्या समासात मी व्युत्पत्ती लिहिली नाही. 'आजोबांना विचार' एवढेच लिहिले. दोन दिवसांनी वही परत आली. निबंधाखाली नवे वाक्य होते : 'आजोबा म्हणाले, रांग त्या गिरणीतही असायची. सकाळी दरवाजावर बदलीवाले उभे राहत. काम मिळाले तर आत, नाही तर परत घरी.'

मी त्याला दोन गुण वाढवून दिले. दिवाळीची भाजणी आणायला यंदा मीच गेलो आणि रांगेत उभा राहिलो. माझा नंबर बाविसावा होता.